टाकलेली की सापडलेली?

गेल्या पावसाळ्यातील एका सायंकाळी आंजेलसची घंटा नुकतीच होऊन गेली असता, एक तरुणी आमच्या कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. छत्रीतून पाणी निथळत होते, म्हणून आत पाऊल टाकण्यास ती संकोचत होती. आम्ही तिला लहानपणापासून ओळखतो. तिच्या दृढीकरणाच्या वेळी प्रश्नोत्तरे आम्हीच पाठ करून घेतली होती.

"फादर, माझ्या स्नानसंस्काराची नोंद बघायची होती."

"दाखला हवा आहे का? कुठे लग्नबिग्न ठरले की काय?" आम्ही आपले हसून विचारले.

"दाखला नको फादर. वहीत काय लिहिलंय, ते मला स्वतः वाचायचंय."

वाचकहो, गावात सर्वांना ठाऊक असते आणि जिच्याविषयी कोणीच बोलत नाही, अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात असते. या मुलीविषयीची ती गोष्ट अशी, की ती आठ महिन्यांची असताना धर्मभगिनींच्या आश्रमातून दत्तक म्हणून या गावी आली. तिच्या आईवडिलांनी तिला हे योग्य वयात स्वतःच सांगितले होते, त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु त्यापलीकडचे त्यांनी सांगितले नव्हते, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हते. ठाऊक असेल तर आमच्या कपाटातील त्या वहीस. आणि त्या सायंकाळच्या आठच दिवस आधी तिचे वडील आमच्याकडे येऊन, हातातील टोपी फिरवीत म्हणून गेले होते, "फादर, पोरगी वही बघायला येईल. तिला तेवढं दाखवू नका. आम्ही काय कमी केलं तिला?"

तेव्हा आम्ही तिला सांगितले, की जुन्या वह्या बांधणीसाठी बाहेर गेल्या आहेत. त्या दोन वर्षांपूर्वी बांधणीसाठी गेल्या होत्या, हे खरे. त्या परत येऊन कपाटात बसल्या होत्या, हेही तितकेच खरे. आम्ही पहिले बोललो आणि दुसरे गिळले. ती "बरं फादर" म्हणून पायऱ्या उतरून गेली. दाराशी तिच्या छत्रीचे पाणी साचले होते, ते आम्हीच पुसून काढले.

ही हकीकत आम्ही तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे सारे वगळून, येथे लिहीत आहोत. मात्र आमचा खरा विषय निराळा आहे. तो आहे अमेरिकेतील एका गायिकेचा. तिच्या गाण्यांनी आम्हांस ते कपाट पुन्हा उघडावयास लावले, म्हणून तिची ओळख आधी करून देणे प्राप्त आहे.

आमचे एक सेमिनरीबंधू अमेरिकेच्या दक्षिण भागात धर्मग्राम सांभाळतात. नाताळाच्या सुमारास ते सुट्टीवर आले असता त्यांनी आमच्यासाठी काही गाणी आणली. आमचे संगीतज्ञान म्हणजे सेमिनरीत शिकलेले थोडे लॅटिन गायन, पेटीवरील भजने आणि गायकवृंदाला ओरडण्यापुरता स्वरांचा अंदाज, एवढेच. त्यामुळे परदेशी गाणी म्हणताच आम्ही कपाळाला आठ्या घातल्या. ते म्हणाले, "हिचे नाव मेरी गोशे. एकटीच गिटार घेऊन गाते, आवाजही फार गोड नाही. पण एकदा ऐक." आवाज गोड नाही, ही शिफारस आम्हांस नवीनच वाटली, आणि त्या कुतूहलाने आम्ही ऐकावयास बसलो.

तिकडे 'कंट्री' म्हणून गाण्याचा जो प्रकार आहे, तो मुळात शेतकरी, खाणकामगार, रेल्वेमजूर यांच्या घरांत व प्रार्थनागृहांत वाढलेला. १९२७ साली ब्रिस्टल नावाच्या गावी एका कंपनीने डोंगरभागातील साध्या माणसांची गाणी तबकड्यांवर उतरवून घेतली, आणि तेथून हा प्रकार देशभर पसरला. हे ब्रिस्टल गाव मोठे गमतीचे आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. एका बाजूचे दुकान टेनेसी राज्यात, तर समोरचे व्हर्जिनियात. सीमेवर राहण्याचे सुखदुःख बेळगावकडच्या वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको. पुढे नॅशव्हिल शहरात या गाण्यांचा मोठा व्यापार उभा राहिला, आणि व्यापार म्हटला की चकाकी आलीच. दुःखाचे गाणेही मग असे गुळगुळीत होते, की ते ऐकताना कोणाचा घास अडू नये. या चकाकीस कंटाळलेल्या काही मंडळींनी १९९० च्या सुमारास जुन्या खरबरीत वळणाची वाट पुन्हा धरली. इलिनॉय राज्यातील तीन तरुणांच्या 'अंकल टुपेलो' या संचाने त्या वर्षी काढलेल्या संग्रहास कार्टर घराण्याच्या १९३६ सालच्या एका गाण्याचेच नाव दिले होते. या वाटेला तिकडे पर्यायी कंट्री म्हणतात. नाव काहीसे रुक्ष आहे. अर्थ एवढाच, की बाजाराला न विचारता, जे घडले ते जसेच्या तसे सांगणारी गावरान गाणी. मेरी गोशे या पंथातली.

तिचा जन्म ११ मार्च १९६२ रोजी न्यू ऑर्लीन्स शहरात झाला. जन्मदात्रीने तिला तेथील सेंट व्हिन्सेंट आश्रमात ठेवले. अडलेल्या स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासाठी तो आश्रम होता. वर्षाची असताना तिला थिबोडो गावच्या एका कॅथलिक दांपत्याने दत्तक घेतले. ते दोघे इटालियन वंशाचे होते. थिबोडो हा दक्षिण लुइझियानाचा भाग उसाचा, पाणथळीचा, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या कॅथलिकांचा. कॅनडाच्या किनाऱ्यावरून इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून दिलेल्या फ्रेंच कॅथलिकांपैकी पुष्कळजण पुढे येथे येऊन वसले. अमेरिकेतील इतर राज्यांचे जसे जिल्हे पाडले आहेत, तसे लुइझियानाचेही आहेत. परंतु तेथील सरकार आपल्या जिल्ह्यांना आजही 'पॅरिश', म्हणजे धर्मग्राम, असेच म्हणते. आमच्या ध्यानात येते ते हे, की ही मुलगी धर्मग्रामाच्या बाहेर कधीच नव्हती. जन्मापासून तिला जे काही मिळाले, ते चर्चच्याच हातून मिळाले.

त्या आश्रमाविषयी येथे थोडे विषयांतर करू द्यावे, कारण ते आम्हांस राहवत नाही. तो उभा राहिला तो मार्गारेट हॉघरी नावाच्या एका आयरिश बाईच्या पैशाने. हिचा जन्म १८१३ चा. मायदेश सोडून अमेरिकेत आली ती लहानपणीच, आणि १८२२ साली तापाच्या साथीत आईबाप गेल्यामुळे पोरकी झाली. लग्न होऊन १८३५ साली ती न्यू ऑर्लीन्सला आली. पुढे नवरा गेला, आणि एकुलते एक तान्हे मूलही गेले. तिने एका हॉटेलात लोकांचे कपडे धुतले. साठविलेल्या पैशातून दोन गाई घेतल्या व गाड्यावरून घरोघर दूध घातले. दोनाच्या चाळीस झाल्या. मग तिने बेकरी काढली, आणि शहरभर तिचा पाव जाऊ लागला. मिळकतीतील पै न् पै तिने पोरक्या मुलांच्या आश्रमांना दिली, आणि १८८२ मध्ये मरताना जे उरले तेही दिले. ते देताना मूल कॅथलिक आहे, प्रॉटेस्टंट आहे की यहुदी, हे तिने पाहिले नाही. तिला लिहितावाचता येत नव्हते. त्या मृत्युपत्रावर सहीच्या जागी तिने फुली काढली. दोन वर्षांनी शहराने तिचा संगमरवरी पुतळा उभारला, तो साध्या झग्यातला, अंगावर शाल घेतलेला, शेजारी एक मूल असा. आमच्याकडे धर्मग्रामाच्या मंडपाला शंभर रुपये दिले तरी फरशीवर नाव कोरून मागणाऱ्यांची आठवण येथे झाली, पण ते असो.

आश्रमाची ती इमारत मॅगझीन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर अद्याप आहे. २०२१ पासून तीत एक उंची हॉटेल चालते.

मेरीकडे वळू. ज्या घरात ती गेली, तेथे तिला अन्न, वस्त्र, नाव, धर्म हे सारे मिळाले. तरी आतील काहीतरी स्वस्थ बसेना. पंधराव्या वर्षी आईवडिलांची मोटार घेऊन ती घरातून पळाली. पुढची काही वर्षे दारू, अमली पदार्थ, व्यसनमुक्तीची केंद्रे आणि कोणाकोणाच्या घरी काढलेले दिवस यांत गेली. अठरावा वाढदिवस तुरुंगाच्या कोठडीत झाला. मित्रांच्या आग्रहाने ती विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान शिकली, परंतु शेवटच्या वर्षी तेही सोडले. (तत्त्वज्ञानाचा अभ्यास मनुष्यास दारूपासून वाचवीत नाही, याची साक्ष कोणतीही सेमिनरी देईल.) मग स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण घेऊन तिने बॉस्टन शहरात आपल्या मुलखातील पदार्थांचे खाणावळवजा हॉटेल काढले. भेंडी घातलेली रस्सेदार 'गम्बो' आणि तसलेच झणझणीत प्रकार तेथे मिळत.

हॉटेल उघडण्याची रात्र, जुलै १९९०. त्याच रात्री ती पिऊन मोटार चालविताना पकडली गेली. ती रात्र तिच्या पिण्याची शेवटची ठरली. त्यानंतर आजवर तिने थेंबास स्पर्श केला नाही, असे ती सांगते. पुष्कळांच्या आयुष्यात असा दिवस येतो, आणि पुष्कळांच्या आयुष्यात तो येऊनही जातो. आमच्या धर्मग्रामातील सात-आठ घरे हे वाक्य वाचून मान हलवतील.

दारू सुटली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय भरावे हा प्रश्न उभा राहिला. तिशीच्या मध्यावर, जेव्हा इतर गायक आपली उमेद संपली असे समजून दुसरा धंदा पाहतात, तेव्हा हिने गाणी लिहावयास आरंभ केला. १९९७ मध्ये हॉटेलचेच नाव दिलेला 'डिक्सी किचन' हा पहिला संग्रह निघाला. दुसऱ्या संग्रहाच्या खर्चासाठी तिने हॉटेलातील आपला वाटा विकून टाकला. उद्याच्या जेवणाची तजवीज विकून उद्याचे गाणे विकत घेणारी माणसे शहाणी की वेडी, ते आम्ही सांगणार नाही. तो संग्रह १९९९ मध्ये आला आणि जाणत्यांनी तिची दखल घेतली. पुढे ती नॅशव्हिलला राहावयास गेली, आणि मोठ्या कंपनीतर्फे २००५ साली 'मर्सी नाऊ' हा संग्रह निघाला.

'आता दया हवी' असा या नावाचा अर्थ. त्यातील याच नावाचे गाणे तिचे सर्वांत प्रसिद्ध गाणे. त्याची रचना एखाद्या लितानीसारखी आहे. प्रथम ती आपल्या वडिलांसाठी दया मागते. ते थकलेले आहेत, अखेरीस आले आहेत. नंतर भावासाठी, जो स्वतःच्याच दुःखाच्या बेडीत आहे. मग आपल्या चर्चसाठी व देशासाठी, आणि शेवटी प्रत्येक सजीवासाठी. गाण्यात कोठेही कोणी दयेला पात्र आहे असे ती म्हणत नाही. पात्रता नाही हे मान्य करूनच मागते. चर्चसाठी दया मागणारे गाणे प्रथम ऐकताना आम्ही, खरे सांगावयाचे तर, किंचित दुखावलो. दुसऱ्यांदा ऐकताना आम्हांस प्रत्येक मिस्साच्या आरंभी आम्हीच तीनदा काय म्हणतो, ते आठवले.

तिचेच दारूवरील एक गाणे आहे, त्यातील स्त्री आपण पितो असे सरळ सांगते. सबब देत नाही, कीव मागत नाही. नोबेल पारितोषिक पुढे ज्यांना मिळाले त्या बॉब डिलन यांनी २००६ मध्ये आपल्या नभोवाणीच्या कार्यक्रमात ते वाजविले होते. पापनिवेदनाच्या आसनात बसून आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो ती वाक्ये बहुधा 'पण' या शब्दावर येऊन थांबतात. 'पण'शिवायची कबुली क्वचित ऐकू येते. त्या गाण्यात ती ऐकू आली.

तिचे सारे आयुष्य आमच्या घरांपुढे कित्त्याप्रमाणे ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. ती समलिंगी आहे हे ती उघडपणे सांगते, आणि चर्चशी तिचे नाते आज सरळ उरलेले नाही. परंतु जिला चर्चने पाळण्यातून उचलले, तिचे म्हणणे चर्चच्या माणसांनी ऐकून घेऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

आता ज्या संग्रहामुळे हा लेख झाला, त्याकडे येतो. चाळिशी उलटल्यावर मेरीने आपल्या जन्मदात्रीचा शोध घेण्यासाठी अशा कामातील जाणत्या व्यक्तीची मदत घेतली. पत्ता लागला. तिने फोन केला. पलीकडून आई बोलली; परंतु भेटावयास तिने नकार दिला. ती गोष्ट तिने आयुष्यभर कोणासही सांगितली नव्हती, आणि आता सांगण्याचे बळ तिच्यात नव्हते. या साऱ्या हकीकतीवर मेरीने २०१० मध्ये 'द फाउंडलिंग' नावाचा संग्रह काढला. त्यात त्या फोनचेच एक गाणे आहे. त्याला तिने दुसरे कोणतेही नाव न देता आपली जन्मतारीख दिली आहे. फोन करणारी मुलगी त्यात रागावत नाही. मी काही मागावयास आलेले नाही, असेच ती परोपरीने सांगत राहते. आणि सांगता सांगता ती किती मागते आहे, ते ऐकणाऱ्यास कळते.

'फाउंडलिंग' हा शब्द आम्ही सेमिनरीत कोशात पाहिला होता आणि पुढे गेलो होतो. या खेपेस त्यावर अडखळलो. मराठीत अशा मुलास आपण 'टाकलेले मूल' म्हणतो. इंग्रजीत त्याच मुलास 'सापडलेले मूल' म्हणतात. मूल तेच, पायरीही तीच. आपली भाषा ठेवणाऱ्याच्या हाताकडे पाहून बोलते, त्यांची उचलणाऱ्याच्या. गावात भांडण झाले की या मुलीला शाळेत मुलांनी कोणता शब्द ऐकविला असेल, हे आम्हांस ठाऊक आहे, कारण एकदा त्यापायी दोन मुलांना आम्हीच घंटाघराखाली उभे केले होते. त्या वेळी आम्ही मुलांना शिक्षा केली, पण त्या शब्दाला दुसरा शब्द दिला नाही.

संग्रहाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांविरुद्ध त्यात तक्रार नाही. आपण कमी पडलो म्हणून मूल मुळाकडे पाहते, अशी समजूत पुष्कळ पालकांची असते; टोपी फिरवीत उभे असलेल्या त्या वडिलांचीही तीच होती. मेरीची गाणी ऐकून आम्हांस वाटते ते असे, की भूक न भागल्यामुळे हा प्रश्न निघत नाही. पोटभर जेवलेला मनुष्यच रात्री अंगणात बसून आपले गाव कोणते, असे विचारतो.

नंतरची तिची वाटचाल थोडक्यात सांगतो. २०१२ पासून अमेरिकेत एक संस्था काम करीत आहे. ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांना गीतकारांबरोबर दोन-तीन दिवस एकत्र बसविते. सैनिक बोलतो, गीतकार ऐकतो, आणि दोघे मिळून गाणे करतात. मेरीने हे काम वर्षानुवर्षे केले, आणि त्यातून २०१८ मध्ये 'रायफल्स अँड रोझरी बीड्स' हा अकरा गाण्यांचा संग्रह निघाला. बंदुका आणि जपमाळेचे मणी! प्रत्येक गाण्यावर सैनिकाचे किंवा त्याच्या घरच्यांचे नाव जोडीने आहे. त्यास ग्रॅमी या मोठ्या पुरस्काराचे नामांकन मिळाले, पुरस्कार दुसऱ्यास गेला. त्यातील एक गाणे सैनिकांच्या पत्नींनी तिच्याबरोबर केले. नवरा घरी आल्यावर घरात जे युद्ध सुरू होते, त्याविषयीचे ते आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात, आणि या मुलखातील किती घरांच्या भिंतीवर गणवेशातील फोटो आहेत! आमच्याकडील एक निवृत्त हवालदार कित्येक वर्षे मिस्साला शेवटच्या खांबाशी उभे राहतात, बसत नाहीत. ते का बसत नाहीत, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. आता विचारले आहे. उत्तर त्यांचे आहे, ते येथे लिहिता येत नाही.

२०२१ मध्ये मेरीने 'सेव्हड बाय अ साँग' हे आत्मकथनपर पुस्तक लिहिले आणि २०२२ मध्ये आणखी एक संग्रह काढला. पस्तिशीत आरंभ करून पंचवीस वर्षे हे काम चालले, हे पाहून आमच्या गायकवृंदातील ज्या मंडळींना "आता आमचे वय झाले, फादर" असे म्हणण्याची सवय आहे, त्यांनी बोध घ्यावा.

तो संग्रह ऐकला त्या आठवड्यात आम्ही कपाट उघडले. नोंद सापडण्यास वेळ लागला नाही. आधीच्या धर्मगुरूंचे अक्षर वळणदार होते. मुलीचे नाव, तारीख, मायबाप म्हणून उभ्या राहिलेल्या धर्मभगिनीचे नाव. पुढे समासात वेगळ्या शाईने दत्तक आईवडिलांची नावे. आणि आईच्या रकान्यात एक नाव, संपूर्ण नाव, आडनावासह.

चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचे ८७७ वे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. अविवाहित मातेचे नाव वहीत लिहावयाचे ते दोनच प्रसंगी. एक तर तिचे मातृत्व जगजाहीर असेल तर; नाही तर तिने स्वेच्छेने, लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर, तशी मागणी केली असेल तर. या नावाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी निळ्या शाईचा एक अंगठा.

आम्ही ती वही किती वेळ उघडी ठेवून बसलो होतो, ते आठवत नाही. सहा महिन्यांपूर्वी आम्ही जे दडविले, ते दडवून ठेवावे असे त्या बाईने म्हटलेच नव्हते. तिने ते लिहून ठेवा असे सांगितले होते, आणि त्यासाठी तिने दोन माणसांना आणून उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. प्रथम आईवडिलांसमोर आमचे खोटे कबूल केले. वडील गप्प राहिले. आई पदराला हात पुसत म्हणाली, "फादर, तिला काय सांगायचं ते आमच्यासमोर सांगा. आम्हीबी ऐकतो." मुलगी शहरातून आठवड्याच्या सुट्टीवर आलेली होती, तिला बोलावले. नाव तसेच उघडून देणे योग्य झाले नसते. अंगठा उठविला तेव्हा ती बाई कोण होती आणि आज ती कोणाच्या घरी, कोणत्या परिस्थितीत आहे, हे पाहणे आवश्यक होते. सरकारी नियमही हेच सांगतात. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीस आपले मूळ शोधण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो, परंतु जन्मदात्रीची गुप्तता मोडता येत नाही. त्याप्रमाणे तिने अर्ज केला. आम्ही आश्रमाच्या धर्मभगिनींना पत्र लिहून, त्या बाईला आधी विचारावे अशी विनंती केली. अंगठ्याची गोष्ट मात्र आम्ही मुलीला त्याच दिवशी सांगितली. नाव न सांगता, एवढेच, की तुझ्या आईने आपण तुझी आई आहोत असे दोन माणसांसमोर म्हटले होते.

ती काही बोलली नाही. तिचे वडील उठून बाहेर ओट्यावर गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन तिच्या शेजारी बसले.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती कचेरीत आली आणि ती गाणी ऐकावयास मागितली. जन्मतारखेचे गाणे आम्ही थांबवून थांबवून तिला मराठीत सांगितले. संपल्यावर ती म्हणाली, "मग ती आई शेवटी भेटली का, फादर?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"आणि तरी ही गाते?"

"गाते."

तिने ते पुन्हा लावावयास सांगितले. या खेपेस आम्ही मधे थांबविले नाही. आश्रमाचे उत्तर अद्याप आलेले नाही. टपाल साडेअकराला येते, आणि हल्ली पोस्टमनची सायकल फाटकाशी वाजली की आम्ही स्वतःच उठून जातो.